आपल्या घरची सहा

७ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पार्सल गेल्या बुधवारी हाती आलं. आत निघालं ते असं: सासूबाईंची लोकरी शाल एक, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या तीन (एकीचं बूच सैल होतं, पण सांडलं नाही), मुलांच्या वह्या सहा, सुयांची डबी एक आणि माझ्यासाठी पेन. टपालखर्च तुम्ही बेचाळीस भरलात. फाट्यापासून घरापर्यंत आणायचे गिरणीवाल्याने सायकलीचे वीस घेतले. म्हणजे साठ किलोमीटरला बेचाळीस आणि शेवटच्या चार किलोमीटरला वीस. सुतळी न कापता सोडवून गुंडाळून ठेवली आहे. पेन कशाला पाठवलंत? जुन्यात अजून शाई होती.

पण त्याच पेनाने मोठं काम झालं, ते सांगते. बसखात्याने नियम काढला आहे, ज्या गावात दीडशे माणसं राहतात तिथपर्यंत बस. त्याखाली असेल तर फाट्यापर्यंतच. रस्ता बसपुरता रुंद आहे, अडलंय ते डोक्यांवर. त्यासाठी गेल्या गुरुवारी मोजणीदार आला. अक्षर बरं असलेलं कोणी हवं होतं, तेव्हा मास्तरांनी माझं नाव सुचवलं. आपल्या ओट्यावरच बैठक मांडली आणि मी यादी लिहायला बसले. मॅट्रिक झाल्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आकडा काठावर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिंपी सकाळपासून माझ्यामागे होता. त्याचे दोन मुलगे तीन वर्षं शहरात आहेत, त्यांना लिहा म्हणत होता. मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, वहिनी, बदली झालेल्या माझ्या बहिणीचं कुटुंब धरायला हरकत नाही. यांनीसुद्धा खुणावलं. मी पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की जो इथे झोपतो, इथे जेवतो तोच इथला. रोज देवापुढे हात जोडायचे आणि त्याच हाताने खोटं माणूस लिहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. मग पेन उचललं आणि पुढचं घर घेतलं.

संध्याकाळी शाळेत बेरीज झाली. आपल्या घरची सहा धरून एकशे एकोणपन्नास.

एक कमी. गावाला हसू की रडू झालं. न्हाव्याच्या बायकोला नववा महिना आहे. तिला बायका अजून टोमणे मारतात, चार दिवस आधी मोकळी झाली असतीस तर तुझ्या बाळाला बसने फिरवलं असतं. माझ्याशी मात्र दोन-तीन घरांनी बोलणं तोडलंय. तोडू देत. सत्याला एवढी किंमत द्यावी लागतेच.

सासूबाईंचा उजवा डोळा जरा जास्त धूसर झालाय. दर पंधरा दिवसांनी तुमच्याकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला सांगितलंय. बस आली असती तर सोपं झालं असतं. काहीतरी व्यवस्था करतेच. बाकी सगळे ठीक. धाकटी आहे तशीच आहे.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र शेजारच्या बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अशी माणसं आता कुठे उरली आहेत. मला फार अभिमान वाटला. इथे माझे यजमान रेशनच्या यादीत गेलेल्या आत्याला अजून जिवंत ठेवतात. मी त्यांना तुमचं पत्र उशाशी ठेवायला दिलंय.

पण एक विचारल्यावाचून राहवत नाही. तुम्ही लिहिलंत, आपल्या घरची सहा. मी पाच-सहा वेळा बोटांवर मोजलं. दादा, तुम्ही, तिन्ही मुलं, आई आणि धाकटी वहिनी. सात होतात. तुमच्याकडून बेरजेत चूक होणं शक्य नाही, लग्नात माझ्या काकांनी केलेला जमाखर्च तुम्ही उलटा तपासला होता. मग एक माणूस गेलं कुठे? वहिनी, काही लपवू नका. आई आहे ना? शाल पोचली हे तुम्ही लिहिलंत, पण आईला आवडली की नाही हे लिहिलं नाहीत. दोन रात्री मी झोपले नाही. यजमान म्हणतात, पत्रात डोळ्याचं लिहिलंय म्हणजे आई आहे, पण मला ते वाक्य नंतर घातल्यासारखं वाटतं.

दोन ओळी तरी लगेच लिहा.

तुमची नणंद


१९ जानेवारी

प्रिय वन्सं,

सासूबाई खणखणीत आहेत. शाल आवडली, आवडली म्हणून पांघरत नाहीत, पेटीत घडी घालून ठेवली आहे. खालचा अंगठा त्यांचाच आहे, म्हणजे तुमची खात्री पटेल. मनात नाही नाही ते आणू नका.

सहा हे माझ्या लिहिण्यातली चूक. घाईत लिहिलं, मागे मुलं भांडत होती. त्यावर आणखी शाई घालवण्यासारखं काही नाही.

सासूबाईंना फाट्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था झाली आहे. पहिली खेप झाली, बस वेळेवर मिळाली, डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि संध्याकाळी परत आल्या. त्या दिवशी तुम्ही लग्नाला गेला होतात म्हणून भेट झाली नाही. गिरणीवाल्याची सायकल सासूबाईंना जमत नाही, मागे बसलं की त्यांना भोवळ येते. गाडीवानाने बैल विकले. तरी चाललंय.

मोजणीचा कागद बसखात्याकडे गेला असेल. कागद तिथे पोचल्यापासून महिनाभरात काही चूक आढळली तर दुरुस्ती करता येते, असं मोजणीदार जाताना म्हणाला होता. पण चूक काही नाही.

न्हाव्याच्या बायकोला मुलगी झाली. मोजणीच्या दिवसानंतर झाली म्हणून धरत नाहीत.

तुमची वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

मंगळवारी दुपारी दार उघडलं तर आई उभी, तिचा हात धरून धाकटी वहिनी. धाकटी वहिनीच्या खांद्यांवर दोन्हीकडे लाल वळ होते. मी विचारलं तर आईच हसत सांगायला लागली. म्हणे, हिने मला चादरीत बांधून पाठीवर घेतलं, चढ चढली, फाट्यावर आणून खाली ठेवलं. वाटेत तीनदा थांबली, तेही माझे पाय अवघडले म्हणून. आई म्हणाली, माझ्या आईनेसुद्धा मला एवढं उचललं नसेल. ही दुसरी खेप होती. तुम्ही लिहिली होती ती व्यवस्था ही.

आईला वाटतं, ही सगळी गंमत आहे. मला हसता येईना.

दवाखान्यात फॉर्म भरणाऱ्या मुलीने विचारलं, पेशंटसोबत कोण आहे, नातं काय. धाकटी वहिनी म्हणाली, "मी आलेली आहे. जाईन." ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सून आहे, धाकटी सून, लिहा. धाकटी वहिनी खाली बघत राहिली.

परत येताना मी तिला म्हटलं, चार किलोमीटर आईला पाठीवर आणायचं म्हणजे काय, घरात दुसरं कोणी नव्हतं का. तर म्हणाली, "मोजलेली सगळी कामात असतात, वन्सं. मी मोकळी असते."

मग मी सोडलं नाही. पायरीवर बसवून सगळं काढून घेतलं. वहिनी, ती रागावून बोलली नाही, मलाच एकेक शब्द ओढून काढावा लागला. म्हणाली, मोजणीदाराला चहा मीच दिला. त्याने कप घेताना विचारलं, या कोण. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ती इथली नाही, आली आहे, जाईल. ती म्हणाली, चार वर्षं मी त्या घरात चूल पेटवते, मला वाटलं मीच ऐकण्यात काहीतरी चुकले, म्हणून रिकामा कप घ्यायला मुद्दाम परत गेले. यादी उघडीच होती. तुमचं अक्षर वाचायला सोपं आहे.

सहा ही लिहिण्यातली चूक नव्हती.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही, मला फक्त समजून घ्यायचंय. तुम्ही शिंप्याच्या पोरांना पाटावरून उठवलंत ते बरोबरच केलंत. पण जी इथे झोपते, इथे जेवते, ती कशी सुटली?

आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, तोवर ती माझ्याकडे राहील. आणि धाकटी वहिनी परत येत नाही म्हणते. दवाखान्यात चादरी धुवायला बाई हवी होती. तिने सोमवारपासून यायचं कबूल केलं.

नणंद


५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र मिळून चार दिवस झाले. एरवी मी त्याच दिवशी उत्तर लिहिते. या वेळी चूल पेटवायची, पत्र वाचायचं, ठेवायचं, असं चाललं होतं. धाकटी नाही म्हणून चूल मीच पेटवते. धूर फार होतो. तो कसा कमी करायचा हे तिलाच ठाऊक होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी चुकून सोडलं नाही. मोजणीदाराच्या कागदावर नाव, वय आणि मग एक रकाना होता, वैवाहिक स्थिती. विवाहित, अविवाहित, विधवा, सोडलेली. आमचे धाकटे भावोजी चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेले आणि पत्र नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण कागदावर नव्हतं. ओट्यासमोर सगळं गाव उभं, माझ्याच हातात पेन, आणि माझ्याच घराच्या ओळीत तो चौथा शब्द लिहायचा. माझ्या तोंडून निघून गेलं, आली आहे, जाईल. एवढं सोपं गेलं की मला स्वतःला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. त्यानंतर अर्ध्या तासाने मी शिंप्याला देवाचं नाव घेऊन सुनावलं.

पण खरी लाज पुढची आहे. संध्याकाळी बेरीज एकशे एकोणपन्नास आली तेव्हा मला लगेच कळलं. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच कळलं. शाळेच्या दारात धाकटी कंदील घेऊन मला न्यायला आली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. एक शब्द बोलले असते तर दीडशे झाले असते. पण मग सकाळचं सगळं गिळावं लागलं असतं. म्हणून मी काही बोलले नाही आणि घरी येऊन देवापुढे दिवा लावला. तुम्हाला पत्रात सत्याची किंमत वगैरे लिहिलं, तेही त्याच आठवड्यात.

आणि सासूबाईंना पाठीवर नेते हे मला माहीत होतं. चादर मीच काढून दिली. जुनी दिली, फाटली तर फाटू दे म्हणून.

काल शाळेत पालकांची बैठक होती. गेले. पोरांच्या परीक्षेचं बोलणं संपल्यावर उभी राहिले आणि सांगितलं, यादीत माझ्या घरचं एक माणूस कमी लिहिलंय, मी जाणूनबुजून कमी लिहिलं. एवढंच बोलता आलं. कोणी कोण म्हणून विचारलं नाही. शिंपी म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. सत्याचा मक्ता तुमच्याकडे होता ना, वहिनी?" हसला कोणी नाही. त्यानेही हसत म्हटलं नव्हतं. मास्तरांनी दाराकडे बघून सांगितलं, दुरुस्तीला सतरा दिवस उरलेत.

हे घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होते.

सकाळी चालत फाट्यापर्यंत गेले आणि तिथून बसने बसखात्याच्या कचेरीत. चढावर मोकळ्या हातांनीसुद्धा मला दोनदा बसावं लागलं. मोजणीदाराने मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, दुरुस्ती होते, पण दोन गोष्टी लागतात. कमी लिहिलेलं माणूस खरंच इथे राहतं असं त्याने स्वतः सही करून सांगायला हवं. आणि सगळे रकाने भरलेले हवेत. अर्ज घेऊन आले आहे, कोरा आहे.

वन्सं, तिला माझ्या वतीने काही सांगू नका. मी कुठल्या तोंडाने सांगायला लावू?

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर चिडेन असं मला वाटलं होतं. चिडले नाही, कारण माझीही ओळ कोरी आहे.

माझा धाकटा भाऊ इथून तीन तासांवरच्या शहरात आहे. दोन वर्षांपासून मला ठाऊक आहे. त्याने दुसरा संसार मांडलाय, एक लहान मुलगी आहे. मी तिला पाहिलंय, आमच्या आईसारखं नाक आहे तिचं. तो रडला, आईला सांगू नकोस म्हणाला, आणि मी सांगितलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही दर पत्रात "धाकटी आहे तशीच आहे" असं लिहायचात आणि मी वाचून पुढे जायचे. तुम्ही एका दिवशी एका माणसाला सांगितलंत की ती आलेली आहे. मी दोन वर्षं तेच करते आहे, फक्त बोलले नाही.

काल तिला सांगितलं. चादरी वाळत घालत होतो. ती पिळतच राहिली. मग एकच विचारलं, "मोजणीदार त्याच्या घरी पण गेला असेल ना? बायकोचं नाव काय लिहून दिलं असेल त्याने?"

तिने उरलेल्या चादरी घातल्या, आईला थेंब घातले आणि जेवायला वाढलं.

तुमचं पत्र मी तिला दाखवलेलं नाही, तुम्ही सांगितलंत तसं. तिला लिहायचं तर तुम्हीच लिहा. तिला वाचता येतं, तुम्हाला ठाऊक आहेच.

तुमची नणंद


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

चार वर्षं एका घरात राहून तुला पत्र लिहायची वेळ आली नाही, म्हणून सुरुवात कशी करायची हे सुचत नाही. मी सगळ्यांना आशीर्वाद लिहिते. तुला लिहायला हात धजत नाही.

मी तुला यादीतून वगळलं. तू ऐकलंस, वाचलंस, तरी दुसऱ्या दिवशी मला गरम पाणी काढून दिलंस. ते मी घेतलं. मी गावापुढे सांगितलं आहे, वन्संना सांगितलं आहे, रोज देवालाही सांगते, पण तुला सांगायचं राहिलं होतं. मी माझ्या घराची अब्रू राखायला गेले आणि जिच्या पाठीवर घर चाललं होतं तिलाच बाहेर ठेवलं. याला क्षमा मागायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत. सापडले की मी चालत येऊन सांगेन. चढ किती आहे ते आता मला माहीत आहे.

सोबत अर्ज पाठवला आहे. बसखात्याचा आहे. तू इथली आहेस असं तू लिहून दिलंस तर गाव दीडशेचं होईल आणि बस येईल. पण हे तुला बस यावी म्हणून लिहीत नाही. शिंपी आणि मास्तर दोघांनी मला सांगितलं, तिला लगेच बोलावून घ्या. मी म्हटलं, नाही. आकडा भरायला तिला बोलावलं तर मी दुसऱ्यांदा तेच करेन. तू तिथे राहायचं ठरवलंस तर तिथली म्हणून तुझं नाव तिथे लिहिलं जाईल, आणि इथे एकशे एकोणपन्नासच राहतील, आणि ते खरं असेल. बस न येण्याचं कारण गावाला मी सांगेन. ते माझं आहे.

तुझ्या माघारी एवढं झालं. तुझं अंथरूण उन्हात घालून परत तुझ्याच जागी ठेवलं आहे. तुझ्या धाकट्या पुतणीने चुलीशी तुझ्या पाटावर कोणाला बसू दिलं नाही. मी बसले तर मलाही उठवलं. हे काल जेवताना पहिल्यांदा बोलले. म्हणाले, आमटी तिच्यासारखी होत नाही. ते तुझ्या भावोजींचं बोलणं आहे, त्यातलं काय घ्यायचं ते तू ठरव.

अर्जात नाव आणि वय मी लिहिलेलं नाही. माझ्या हाताने एकदा चुकलंय, आता तुझ्याच हाताने लिही. पुढे तो रकाना आहे, चार शब्दांचा. त्यासाठीच मी तुला पाहुणी केलं होतं. आता वन्संनी जे सांगितलं ते तुला कळलंय आणि मलाही कळलंय. त्यात काय लिहायचं हे मी ठरवणार नाही, धाकटे भावोजी ठरवणार नाहीत आणि मोजणीदारही नाही. चारांपैकी एकही शब्द तुला बसत नसेल तर समासात तुझ्या शब्दांत लिही. कचेरीत काय म्हणतील ते मी ऐकून घेईन.

आणि अर्ज कोराच परत पाठवलास तरी चालेल. लिफाफ्यावर तिकीट लावून ठेवलं आहे, तुला खर्च पडू नये म्हणून.

मुदत एकवीस तारखेपर्यंत आहे. टपाल इथे फाट्यावर येतं आणि मी आता ते आणायला स्वतःच जाते. तू या घरची म्हणून लिहू, की लिहू नको, एवढंच उलट टपाली कळव.

तुझी थोरली जाऊ